पेठेचं पुनरुज्जीवन: वाड्यांच्या आळीत काय आधी करायचं आणि काय शेवटी

जुन्या शहरासाठी निधी आला की पहिला खर्च दर्शनी भिंतींवर होतो. रंग, ठरावीक नक्षीचे दिव्यांचे खांब, फरशी, माहितीफलक. दोन पावसाळ्यांत रंगाला पोपडे येतात, जलवाहिनीसाठी फरशी उखडली जाते आणि त्या भिंतीमागची कुटुंबं आधीच्याच गळक्या छपराखाली राहतात. शेवटी करायचं काम आधी केलं की हे ठरलेलं.

हे मार्गदर्शन पुण्याच्या पेठा समोर ठेवून लिहिलं आहे: कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, शुक्रवार, रविवार. नाशिकचं जुनं गावठाण, वाई, साताऱ्याच्या पेठा किंवा पणजीचं फोंतेन्यास यांचे तपशील वेगळे असतील, कामाचा क्रम मात्र तोच राहील. आधी राहणाऱ्यांचा हक्क, मग पाणी आणि सांडपाणी, मग घरांचा सांगाडा, मग रस्ता, आणि सगळ्यात शेवटी दर्शनी भाग. हा क्रम मोडायचा मोह प्रत्येक टप्प्यावर होतो, कारण दिसणारं काम नेहमी शेवटी येतं आणि निवडणूक त्याआधी येते.

हद्द आखा: वाडा नको, पेठही नको, आळी घ्या

एकटा वाडा सावरला तरी शेजारचं तुंबलेलं गटार त्याच्या जोत्यात मुरतच राहतं. अख्खी पेठ घेतली तर काम कागदावरच राहतं. एकाच मैलावाहिनीवर असलेल्या, शक्यतो एकाच गणेश मंडळाच्या ४० ते ६० मिळकती हे एका वेळी झेपणारं एकक. मंडळाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कोणत्या खोलीत कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही आणि दुपारी कोण घरी असतं हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही सल्लागाराला नसतं.

हद्द आखताना आळीतल्या धंद्याची वीण तुटू देऊ नका. कसब्यातल्या तांबट आळीत भांडं ठोकणारा, त्याला पत्रा पुरवणारा आणि कल्हई करणारा एकमेकांवर अवलंबून असतात. यांतला एक हद्दीबाहेर राहिला तर सुधारणेचा फायदा साखळीच्या अर्ध्याच भागाला होतो.

मोजणी: एक फेरी उन्हाळ्यात, एक भर पावसात

प्रत्येक मिळकतीला एक पान द्या. त्यावर सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिकेवरची नावं, हयात वारस, भाडेकरू, पोटभाडेकरू, प्रत्येकाच्या ताब्यातलं चटई क्षेत्र, खोलीचा वापर, शौचालयांची संख्या आणि पाणी येण्याची वेळ लिहा. मिळकत पत्रिकेवर पणजोबांचं नाव आणि वारस पंधरा-वीस, त्यातले काही परदेशी, असं चित्र जवळजवळ प्रत्येक आळीत भेटतं. म्हणून मोजणी सुरू असतानाच नगर भूमापन कार्यालयाला विनंती करून आळीतच वारसनोंदीचं शिबिर भरवा. हे काम पुढे ढकललं तर करारावर सही करायला माणूस सापडत नाही आणि निधीची मुदत संपते.

घराची तपासणी साध्या साधनांनी सुरू होते. ओळंबा सोडा, तीन मीटर उंचीत भिंत २५ मिमीपेक्षा जास्त कललेली दिसली तर पानावर लाल खूण करा आणि ती भिंत अभियंत्याला दाखवा. भेगेवर आडवी दोन-तीन मिमी जाडीची काचपट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यात काच फुटली तर भेग जिवंत आहे, म्हणजे पाया किंवा आधार अजून हलतो आहे. काच शाबूत राहिली तर ती जुनी, बसलेली भेग. ती नुसती भरली तरी चालते. तुळया तपासताना मधला भाग ठोकून समाधान मानू नका. सागवान मधे शंभर वर्षं टिकतं आणि भिंतीत शिरलेल्या शेवटच्या फूटभरात कुजतं. तिथेच दाभण टोचा. सहज पाच मिमीपेक्षा जास्त आत गेलं तर टोक गेलेलं समजा.

आणखी एक नोंद हमखास राहून जाते: प्रत्येक दारापाशी जोतं रस्त्यापासून किती उंच आहे. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं होत गेल्याने एकेकाळी तीन पायऱ्या चढून जायचं दार आता रस्त्याच्या पातळीवर आलेलं दिसतं. ज्या घरांचं जोतं रस्त्यापासून १५० मिमीपेक्षा कमी उरलं आहे, त्यांच्या तळमजल्यातली ओल आतून कितीही गिलावा केला तरी जाणार नाही. या घरांची यादी वेगळी ठेवा. रस्त्याच्या टप्प्यात ती लागेल.

राहणाऱ्यांचा हक्क: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

वाडे का ढासळले याचं उत्तर बांधकामात कमी आणि हिशेबात जास्त आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. तेव्हा महिना ५० रुपये भाडं असलेल्या खोलीचं भाडं २५ वर्षांनी सुमारे १३३ रुपये होतं, म्हणजे वर्षाला १,६०० रुपये. अशा दहा खोल्यांचे १६,००० रुपये झाले तरी त्यात एक चांगली सागवानी तुळई बदलत नाही. मालकाने दुरुस्ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, अशी तरतूद कायद्यात आहे. पण वजावटीला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा. आपल्या उदाहरणात वर्षाला ४०० रुपये. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती करून फायदा नाही, आणि वाडा पडला की जागेची किंमत वाढते. वाडा पडण्यातच कोणाचा तरी लाभ असेल, तोवर कितीही चुना वापरा, वाडा टिकणार नाही.

यावरचा मार्ग म्हणजे मालक, भाडेकरू आणि महापालिका यांचा त्रिपक्षीय दुरुस्ती करार. त्यात या गोष्टी स्पष्ट लिहा. प्रत्येक भाडेकरूचं मोजलेलं चटई क्षेत्र, नकाशासह. काम चालू असताना तो कुठे राहील आणि कोणत्या तारखेला परत येईल. तारीख चुकली तर दरमहा भरपाई कोण देईल. दुरुस्तीनंतरचं भाडं, जे देखभालीच्या खऱ्या खर्चाशी जोडलेलं असेल. वरचे मजले राहण्यासाठीच वापरायचं बंधन. आणि विकास हक्क विकून (त्याबद्दल पुढे) पैसे मिळाले तर ते ज्या खात्यात जमा होतील त्यावर तिघांच्या सह्या.

तात्पुरत्या निवाऱ्यासाठी शहराबाहेरच्या इमारती सुचवल्या जातात. ते मान्य करू नका. मुलांची शाळा, दुकान, आजीचा डॉक्टर सगळं पेठेत असतं आणि बाहेर गेलेलं कुटुंब बहुधा परत येत नाही. दोन चौकांच्या वाड्यात सोपी युक्ती आहे: सगळी कुटुंबं आधी मागच्या चौकात घ्या, पुढचा चौक दुरुस्त करा, मग उलट. सहा-आठ महिने अडचण होते, पण वाडा एक दिवसही रिकामा राहत नाही.

इटलीतल्या बोलोन्या शहराने १९६९ च्या आराखड्यात आणि १९७३ पासूनच्या गृहयोजनेत हाच विचार केला. सार्वजनिक घरबांधणीचा पैसा त्यांनी शहराबाहेर नवी घरं उभारण्याऐवजी जुन्या शहरातली घरं दुरुस्त करण्यासाठी वापरायचं ठरवलं. सुरुवातीला घरं ताब्यात घ्यायचा बेत होता. मालकांचा विरोध झाल्यावर करारांची वाट धरली: पालिका दुरुस्तीला मदत करेल, मालक भाडं मर्यादेत ठेवेल आणि जुन्या रहिवाशांना परत घेईल. पेठांसाठी यातला घेण्यासारखा भाग हाच, सक्तीपेक्षा करार.

पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, तेव्हा जास्त सावध राहा. नोटिशीतली सी-१ श्रेणी म्हणजे तातडीने पाडायचं, सी-२अ म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२अ च्या वाड्याला सी-१ चा शिक्का बसला की भाडेकरूंचा ताबा एका दुपारीत जातो. मालकाचा आणि भाडेकरूंचा अहवाल जुळत नसेल तर पालिकेने नेमलेल्या तिसऱ्या तज्ज्ञाचा आग्रह धरा, आणि वाडा खरोखर पाडावाच लागला तर पाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या खोलीचा मोजमापांसह पंचनामा करून घ्या. नंतर तो हक्क सिद्ध करायला दुसरं काही उरत नाही.

नियम बदला, नाहीतर नियमच आळी मोडतील

विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीच्या रेषेपासून सुरुवात करा. ही रेषा जुन्या आळीवरून ओढलेली असते आणि एखादा वाडा पाडून नवी इमारत झाली की तेवढी एकच इमारत रेषेमागे सरकते. शेजारचे दोन वाडे जागेवर, तिसरा दीड मीटर आत, चौथा पुन्हा जागेवर. वीस वर्षांनी रस्ता रुंद झालेला नसतो, फक्त करवतीच्या दात्यांसारखा झालेला असतो, आणि त्या खाचांत दुचाकी आणि कचरा साठतो. ज्या आळ्यांचं रुंदीकरण कधीच पूर्ण होणार नाही, तिथली रेषा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करून काढून टाका. महापालिकेचा ठराव, हरकती-सूचना, सुनावणी आणि शासनाची मंजुरी, असा हा रस्ता आहे. वेळ लागतो, म्हणून मोजणी चालू असतानाच प्रस्ताव टाका.

दुसरा प्रश्न पार्किंगचा. लहान भूखंडावर नव्या इमारतीला गाड्यांची जागा सक्तीची केली की तळमजला खांबांवर उभा राहतो. जिथे ओटा, दुकान, दिंडी दरवाजा होता तिथे आता अंधारी जागा आणि लोखंडी फाटक. अशा चार इमारती सलग आल्या की आळी संध्याकाळनंतर निर्मनुष्य होते. लहान भूखंडांना पार्किंगमधून सूट द्या, त्याबदल्यात ठरावीक शुल्क घ्या आणि त्यातून पेठेच्या कडेला सामायिक वाहनतळ करा.

बाजूची मोकळी जागा सोडण्याचा नियमही तपासा. वाडे भिंतीला भिंत लावून उभे आहेत. मधे मीटरभर फट सोडली तर तिथे ऊन पोचत नाही, झाडूही पोचत नाही, आणि शेजारच्या मातीच्या भिंतीवर थेट पाऊस झोडपतो. हवा-उजेड हवाच, पण तो चौकातून घ्यायला परवानगी द्या. चौक हेच या घरांचं मोकळं अंतर आहे.

वारसा यादीत श्रेणी १, २ आणि ३ अशा पायऱ्या असतात. एकेका वास्तूची श्रेणी पुरेशी नाही. आळीला वारसा परिसराचा दर्जा घ्या आणि यादीत नसलेल्या घरांनाही लागू होतील असे साधे नियम लिहा. रस्त्याकडची कड जुन्या वळचणीच्या उंचीइतकीच, वाढीव मजला किमान तीन मीटर मागे, खिडक्या उभट, तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारा वापर. खणाचं, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराचं, माप घरोघरी वेगळं असतं, त्यामुळे ते नियमात ठोकून न बसवता शेजारच्या घरावरून मोजून घ्यायला सांगा.

मालकाचं नुकसान भरून काढायला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर. समजा भूखंड ३०० चौरस मीटर आहे, नियमाने मिळणारा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) २ आहे आणि वाडा ४२० चौरस मीटरचा आहे. ६०० मधून ४२० गेले, १८० चौरस मीटर उरले. वाडा राखायचा असेल तर हे १८० त्याने दुसरीकडे विकावेत. अहमदाबादने पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांमधल्या, घरांसाठी ही वाट वापरली. ते तटबंदीतलं शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. एक अट मात्र सोडू नका. टीडीआरचं प्रमाणपत्र एकरकमी देऊ नका. करार झाल्यावर थोडं, सांगाडा पूर्ण झाल्यावर मोठा हिस्सा आणि भाडेकरू परत आल्यावर उरलेलं. सगळं आधी हातात पडलं तर दुरुस्ती लांबते.

शनिवारवाड्यासारखं केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा लागू होतो: स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने होते. दुरुस्तीही बंद आहे अशा समजुतीने या पट्ट्यातली कित्येक घरं कुजत पडतात. अर्जासोबत घर त्या तारखेपूर्वीचं असल्याचा पुरावा लागतो. घरपट्टीची जुनी पावती, वीजबिल, मिळकत पत्रिका आधीच जमवा.

जमिनीखालचं काम

पुण्यात खोदण्यापूर्वी पेशवेकालीन पाणीव्यवस्था शोधा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत दगडी भुयारी नळ आणला गेला. त्यावर जागोजागी उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली उघडी तोंडं) आणि पेठांमध्ये हौद होते. काळा हौद, फडके हौद ही नावं अजून वापरात आहेत. हा नळ चुकून फोडला तर त्यातलं पाणी वाट काढत कोणाच्या तरी पायाखाली जातं आणि दोन वर्षांनी भिंत खचते. दर १५ मीटरवर हाताने एक बाय एक मीटरचा चाचणी खड्डा घ्या आणि मगच यंत्र लावा.

जुन्या भिंतीपासून मीटरभराच्या आत चर खणताना ही बंधनं पाळा. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका. जावंच लागलं तर दोन-तीन मीटरचे तुकडे करा, एक भरल्याशिवाय पुढचा उघडू नका. १.२ मीटरपेक्षा खोल चराला फळ्यांचा आधार द्या. पावसाळ्यात चर उघडा ठेवायचाच नाही.

खालून वर क्रम असा: मैलावाहिनी, पावसाळी गटार, पिण्याच्या पाण्याची नळी, वीज आणि दूरसंचाराच्या नळ्या. पाण्याची नळी मैलावाहिनीच्या नेहमी वर आणि शक्य तितकी बाजूला. घरातून येणाऱ्या ११० मिमी नळीला १:४० उतार द्या, १५० मिमीला १:६०. दर २० ते ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर तपासणी कक्ष हवा. केबलसाठी दोन रिकाम्या नळ्या जास्तीच्या टाका. हा किरकोळ खर्च वाचवला की वर्षभरात कोणीतरी परवानगी घेऊन फरशी फोडतंच.

सांगाडा: लाकूड, चुना आणि शौचालय

वाड्याचा सगळ्यात मोठा शत्रू वरच्या मजल्यावर नंतर केलेलं शौचालय. कड्या आणि तक्तपोशीच्या मजल्यावर कोबा ओतून बाथरूम केली जाते, सांध्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या तुळईचं टोक गुपचूप कुजतं. शौचालय नाकारून उपयोग नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं हवं, आणि ते न मिळाल्याने तरुण कुटुंबं पेठ सोडतात. परसाच्या बाजूला स्वतःच्या पायावर उभा राहणारा वेगळा मनोरा बांधा, प्रत्येक मजल्याला एक, आतून किमान १.२ बाय १ मीटर. मनोरा आणि जुनी भिंत यांच्यात ५० ते ७५ मिमी फट ठेवा आणि वरून पत्र्याने झाका. दोन्ही वेगवेगळे बसतात. जखडले तर भेग जुन्या भिंतीलाच पडते. सगळ्या नळ्या मनोऱ्याच्या बाहेरून न्या, म्हणजे गळती लगेच दिसते.

लाकडाची दुरुस्ती टेकूंपासून सुरू होते. दुसऱ्या मजल्याच्या तुळईला दिलेला टेकू पहिल्या मजल्यावर थांबवला तर तो मजला खचतो. टेकू एकाखाली एक थेट जमिनीपर्यंत न्या आणि खाली जाड फळी द्या. कुजलेलं टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्यापुढे आणखी १५० मिमी. नवा सागवानी तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट, १२ किंवा १६ मिमीचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. तुळई जिथे भिंतीत बसते तिथे खाली दगडी पाटा द्या आणि तिन्ही बाजूंनी १० ते १५ मिमी हवा खेळती ठेवा. खांब तळखड्यावर, म्हणजे त्याच्या बैठकीच्या दगडावर, कोरडा उभा राहिला पाहिजे. कुजलेल्या खांबाभोवती काँक्रीटचा कोट घालणं हा सर्वांत वाईट उपाय: आत कूज चालूच राहते, बाहेरून काही दिसत नाही, आणि कोसळताना इशारा मिळत नाही.

चुन्याला पर्याय शोधू नका. सिमेंटचा गिलावा विटेतली ओल अडवतो. ती वर चढते, क्षार फुटतात, विटेचा भुगा होतो आणि शेजारचं लाकूड ओलं राहतं. कळीचा चुना पाण्यात विरवा, गाळा आणि किमान १५ दिवस पाण्याखाली ठेवा. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत नंतर फुगतात आणि गिलाव्यावर बोटाएवढे खड्डे पडतात. तयार पोत्यातला चुना घेत असाल तर चिमूटभर चुन्यावर पातळ आम्ल टाका. जोरात फसफसला तर तो हवेने आधीच मेलेला आहे, परत करा. सुरुवातीचं प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), एक ते दोन भाग वाळू. चुन्याच्या घाण्यात मळा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी वापरायचं तर आधी मीटरभर चौकोनात नमुना करून महिनाभर बघा. जास्त गुळाने चुना मऊच राहतो. दगडी सांधे २० ते २५ मिमी खोल खरवडून, धुऊन, ओले करून भरा. गिलावा दोन थरांत, प्रत्येक थर १० ते १२ मिमी, आणि वर १० ते १४ दिवस ओलं गोणपाट. भिंतीला उन्हाने तडे गेले तर चूक बहुधा या शेवटच्या दोन आठवड्यांत झालेली असते.

छपराची दुरुस्ती भिंतीच्या आधी. मंगलोरी कौलं बदलणं सोपं; गळती असते ती दोन छपरांमधल्या पन्हळीत. पन्हळ किमान २०० मिमी रुंद, उतारासह, आणि साफ करायला माणूस पोचेल अशी ठेवा. जिन्याखालचे वीजमीटर बाहेरच्या भिंतीवर हलवा. लाकडी जिन्याखाली ठिणगी पडली तर सुटकेचा एकमेव रस्ताच पेटतो.

रस्ता आणि दर्शनी भाग

तीन-चार मीटरच्या बोळात वेगळा पदपथ काढू नका. एकाच पातळीचा रस्ता सर्वांना पुरतो. आधी जुने थर खरवडा, नवी पातळी मोजणीतल्या जोत्यांच्या यादीवरून ठरवा, आणि उतार भिंतीपासून दूर १:५० ठेवा. भिंतीला चिकटून काँक्रीट ओतलं की जमिनीतली ओल फक्त भिंतीतूनच बाहेर पडते. जोत्यालगत ३०० मिमी पट्टा वाळूवर बसवलेल्या दगडाचा ठेवा. अग्निशमन दलाची छोटी गाडी कुठपर्यंत जाते हे नकाशावरून ठरवू नका, गाडी आणून बघा; जिथे ती थांबते त्यापलीकडे पाणी घेण्याची जोडणी द्या.

दुचाकी दोनदा मोजा, पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला. पहिला आकडा रहिवाशांचा, दुसरा गिऱ्हाइकांचा. दोघांना एकच नियम लावला तर दोघेही तो मोडतात.

दर्शनी भागासाठी थोडंच सांगायचं आहे. चुन्याचा सफेदा तीन-चार हात, लाकडाला तेल, दुकानाची पाटी ६०० मिमीपेक्षा उंच नको आणि महिरप झाकणारी नको. खरी काळजी वापराची. कॅफे आणि पर्यटक निवासिका तळमजल्यावर मर्यादित संख्येने येऊ द्या, वर नको. आणि तांबटांची भट्टी, बुरुडांचं काम, शिंप्याचं यंत्र यांना विकास नियमांत नावानिशी परवानगी लिहा. निवासी क्षेत्र म्हणून आवाजाच्या तक्रारीवर ठोकणं बंद झालं तर सुंदर आळीत कारागीरच उरत नाही.

वेळापत्रक आणि नंतरची नोंद

ऑक्टोबरमध्ये काम सुरू करा. चुन्याचं काम फेब्रुवारीपर्यंत उरका, उघडी राहिलेली छपरं १५ मेपर्यंत बंद करा. नाना आणि भवानी पेठेत पालख्यांचा मुक्काम असतो, तिथे त्या वेळी एकही चर उघडा नको. गणेशोत्सवापूर्वी आळी मोकळी हवी. मंडळाला मांडव घालता आला नाही तर पुढच्या वर्षी सहकार्य मिळणार नाही. अंदाजपत्रकात लाकडासाठी किमान २० टक्के जादा ठेवा, कारण भिंत उघडेपर्यंत कूज कळत नाही.

काम संपल्यावर दरवर्षी चार आकडे घ्या: करारातली किती कुटुंबं अजून तिथे राहतात, किती घरं गळतात, किती कारागीर काम करतात, आणि रात्री दहाला वरच्या मजल्यांवर किती खिडक्यांत दिवा आहे. शेवटचा आकडा घटू लागला तर घरं गोदामं किंवा पर्यटक निवासिका होत आहेत असं समजा आणि करारातलं वापराचं कलम लगेच वापरा. देखभालीचा निधी प्रत्येक घराच्या दुरुस्तीनंतरच्या भाड्यातून दरमहा वेगळा काढा: मे महिन्यात पन्हळी साफ करणं आणि फुटकी कौलं बदलणं, ऑक्टोबरमध्ये तुळयांची टोकं आणि वाळवी बघणं, दर तीन वर्षांनी चुन्याचा हात. हे काम करणाऱ्या गवंड्याचं आणि सुताराचं नाव करारातच लिहून ठेवा आणि त्यांच्या हाताखाली आळीतली दोन मुलं द्या.